केबल बदलून बघ

माझा डावा हात त्यांना कधीच आवडला नाही. आमच्या ऑर्केस्ट्रात मी कीबोर्ड वाजवतो. ते माझ्या डावीकडे बेस गिटार घेऊन उभे राहायचे, आणि माझी डावी बोटं खालच्या पट्ट्यांकडे सरकली रे सरकली की गाणं चालू असतानाच मान वाकवून कानात म्हणायचे, "ए पेटीवाल्या, डावा हात खिशात घाल." खालचे सूर ही त्यांची मालमत्ता. तिथे दुसरा कुणी पाय घातला की चिखल होतो, असं त्यांचं म्हणणं. सुरुवातीला मी चिडायचो, मग सवय झाली. पुढे पुढे डाव्या हाताने मी घाम पुसायचो, कागद उलटायचो, प्रेक्षकांत कुणी ओळखीचं दिसलं तर हात करायचो, पण खाली जायचो नाही.

पेटीवाल्या म्हणजे मी. माझ्याकडे पेटी नाही, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलं. "भाता मारावा लागत नाही एवढाच फरक," म्हणून ते विषय संपवायचे. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. खोपटच्या बसडेपोत ते मेकॅनिक होते, राहायला विठ्ठलवाडीला. नोकरी होती तोवर डेपोतून थेट कार्यक्रमाला यायचे, नखांत ग्रीस तसंच. निवृत्त झाल्यावर सगळ्यांच्या आधी येऊन बसायला लागले. वडील भीमगीतांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचे आणि ढोलकीच्या खर्जाच्या बाजूवरूनच आपण बेस शिकलो, असं ते सांगत. भीमजयंतीला आमच्या मालकांनी कितीही मोठी सुपारी घेतली तरी दादा त्या दिवशी आपल्या वस्तीतल्या मंडपात वाजवणार, चहावर. मालकांनी यावर वाद घालणं फार पूर्वीच सोडून दिलं होतं.

स्टेजवर ते अनवाणी उभे राहत. चपला कडेला जोडीने काढायच्या आणि फळ्यांवरून एक चक्कर मारून यायचं. "इथे पोकळ आहे, इथे आवाज घुमणार," म्हणत एक जागा नक्की करायची. त्यांचा अंदाज कधी बरोबर निघायचा, कधी साफ चुकायचा, आणि चुकला की दोष फळीचा. अँपखाली, म्हणजे बेसच्या स्वतःच्या स्पीकरखाली, ठेवायला बॅगेत बसच्या टायरचा एक तुकडा असायचा. त्याला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. मालकच निवेदन करायचे, आणि मध्यंतराआधी ते कलाकारांची ओळख करून देत. आमचा ड्रमर त्या अर्ध्या मिनिटात अंगात आल्यासारखा बडवायचा, मी काहीतरी वर-खाली धावायचो, शिट्ट्या पडायच्या. दादांचं नाव घेतलं की ते एक सूर वाजवायचे. एकच. तो जागच्या जागी थांबवायचे, नमस्कार करायचे आणि मागे सरकायचे. लोकांना कळायचंच नाही की टाळ्या वाजवायच्या कधी.

"मी आहे ते कळता कामा नये," ते म्हणायचे. "मी नाही ते कळलं पाहिजे." हे वाक्य त्यांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवलं होतं की ड्रमर त्यांच्या मागे उभा राहून ओठ हलवून त्यांची नक्कल करायचा. एकदा डोंबिवलीजवळच्या एका गावात हळदीचा कार्यक्रम होता. नवरदेवाचे काका रंगात येऊन थेट स्टेजवर चढले आणि दादांना म्हणाले, "काय रं, झोपलास का? जरा जोरान वाजव ना!" दादांनी बेस गळ्यातून काढून त्यांच्या हातात दिला. म्हणाले, "घ्या. तुम्ही वाजवा जोरात, मी नाचतो." आणि खरंच खाली उतरून नाचले, पूर्ण गाणंभर, अनवाणी, करवल्यांच्या मध्ये. काका बेस पोटाशी धरून मूल सांभाळायला दिल्यासारखे उभे. त्या गाण्यापुरतं, दादा नाहीत ते सगळ्यांना कळलं.

आता त्या डब्याबद्दल सांगायला हवं. बेसवाले पायाशी एक लहानसा लोखंडी डबा ठेवतात, कॉम्प्रेसर पेडल. हातातून एखादा सूर जोरात सुटला तर हा डबा त्याला खाली दाबतो, एखादा हळू पडला तर वर उचलतो. सगळे सूर एका उंचीला येतात. गर्दीच्या कार्यक्रमात त्याचा उपयोग आहे, निम्म्या शहराचे बेसवाले तो वापरतात. दादांना मात्र तो शत्रू वाटायचा. "दाबायचं न् उचलायचं हे हाताचं काम आहे. हातात नसेल तर घरी बसावं," हे त्यांचं मत. दुसऱ्या पार्टीच्या बेसवाल्याच्या पायाशी डबा दिसला की "काय, कुबडी आणली का?" असं त्याच्या तोंडावर विचारायचे.

ठाण्याच्या एका नाट्यगृहात तर कहरच केला. नवीन साउंडवाला होता, त्याने दादांना न विचारता मिक्सरवरूनच त्यांच्या आवाजाला कॉम्प्रेसर लावला. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर दादा वाजवायचे थांबले. वायर उपटली, बेस गळ्यात तसाच, अनवाणी पायऱ्या उतरून प्रेक्षकांच्या मधून चालत मागच्या मिक्सरपाशी गेले आणि त्या पोराला म्हणाले, "माझा हात सोड." त्याला काही समजेना. "मी कुठे धरलाय काका?" "धरलायस. सोड." त्याने तो काढेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. इकडे आम्ही बेसशिवाय गाणं ओढत होतो, गायिका माझ्याकडे बघून डोळे वटारत होती, आणि प्रेक्षकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. दादा परत स्टेजवर चढले तेव्हा त्यांना टाळ्या पडल्या. ते भयंकर संतापले.

असा हा माणूस एका दिवाळीनंतर बॅगेतून डबा काढून पायाशी ठेवतो म्हटल्यावर आमची काय अवस्था झाली असेल! ड्रमरने स्टेजवरच साष्टांग नमस्कार घातला. मी म्हटलं, "दादा, कुबडी?" ते हसले. "नवीन शिकायला वय लागतं का रे?" एवढंच बोलले. आम्हाला गंमत वाटली. मला तर जरा विजयही वाटला, की चला, म्हातारा वाकला एकदाचा.

शिकले मात्र मनापासून. घरी एकट्याने लावलेला डबा स्टेजवर फसवतो, हे मला त्यांनीच समजावलं. एकट्यात जे गोड वाटतं ते ड्रम चालू झाले की सापडत नाही, म्हणून सगळे वाजत असतानाच बटण फिरवायचं. बोटाचा पहिला ठोका तसाच जाऊ द्यायचा, दाब त्याच्या मागून येऊ द्यायचा, नाहीतर बेस मेलेला वाटतो. आणि थोडंच दाबायचं. जास्त दाबून वर उचललं की सुराबरोबर खालची घाणही वर येते. घाण म्हणजे स्टोव्हला पंप मारल्यावर येते तशी बारीक फुसफुस. आम्ही तिला नॉईज म्हणतो. बटणं नेमकी कुठे ठेवायची त्याच्या खुणा म्हणून त्यांनी नेलपॉलिशचे ठिपके लावून आणले होते. वहिनींची नेलपॉलिश, गुलाबी.

पहिल्या वर्षी बेस इतका सुरेख लागायचा की बोलायची सोय नाही. सगळे सूर एका उंचीचे, गुळगुळीत. मालक म्हणाले, "बघा, आधीच ऐकलं असतं तर!" दुसऱ्या वर्षी गुलाबी ठिपक्याच्या पुढे एक लाल ठिपका आला. मग त्याच्या पुढे मरून. मी शेजारी उभा असतो, मला ते ठिपके दिसायचे, पण कुणाच्या बटणाकडे कोण कशाला लक्ष देतो? मला त्रास व्हायचा तो नॉईजचा. गाणं संपलं, टाळ्या थांबल्या, मालक पुढचं बोलायला तोंड उघडणार, त्या फटीत दादांच्या अँपमधून फुस्स चालू. दर हंगामात आधीपेक्षा जास्त. मी म्हणायचो, "दादा, केबल बदलून बघा." साउंडवाले म्हणायचे, "केबल बदला काका." कल्याणच्या एका मंडपात आम्ही जनरेटरच्या अर्थिंगला दोष दिला. डोंबिवलीच्या एका हॉलमध्ये तिथल्या इलेक्ट्रिशियनशी भांडण काढलं. दादा दर वेळी शांतपणे बॅगेतून दुसरी केबल काढायचे, गुडघ्यावर बसून बदलायचे, उभे राहायचे, माझ्याकडे बघायचे. "गेला का?" मी म्हणायचो, "जरा कमी वाटतोय." कमी कुठला व्हायला!

बाकीचंही डोळ्यांसमोर होतं. ऑर्केस्ट्राचा आमचा बटणांचा शर्ट ते डोक्यातून घालायला लागले, बटणं आधीच लावून. चहा अर्धाच कप मागायचे. आयुष्यभर बोटांनी वाजवणारा माणूस प्लेक्ट्रम, म्हणजे तार छेडायचा प्लास्टिकचा तुकडा, घेऊन आला, तोही रबरबँडने बोटाला बांधलेला. कलाकारांच्या ओळखीतला त्यांचा तो एकच सूर पूर्वीसारखा थांबेना, लांबतच जायचा. आणि अनवाणी उभं राहणं सोडून त्यांनी बूट घातले. आम्ही काय केलं? हसलो. दादा म्हणजे काहीतरी विचित्र करणारच, हे आम्ही इतकं धरून चाललो होतो की माणूस आजारी आहे हे सांगणारी प्रत्येक गोष्ट आम्ही त्यांच्या विक्षिप्तपणाच्या खात्यात टाकली. ड्रमरने तर रबरबँडचीही नक्कल बसवली होती.

मग कोलशेतच्या एका मोठ्या गृहसंकुलाचं वार्षिक संमेलन आलं. रविवारची संध्याकाळ, लॉनवर स्टेज, उत्तम साउंड. साउंडवाला मुलगा हुशार, कानाचा तिखट. पहिल्या गाण्यानंतर त्याने मला खूण करून विचारलं, हा नॉईज कुणाचा? मी बोटाने दादांकडे दाखवलं. दादांनी केबल बदलली. नॉईज तसाच. तेव्हा त्या मुलाने मिक्सरवरून गेट लावला. गेट म्हणजे ठरावीक पातळीच्या खालचा आवाज सरळ बंद करणारी सोय. फुसफुस लोकांपर्यंत जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू, आणि त्यात त्याचं काही चुकलं नाही.

दुसरं गाणं सुरू झालं आणि बेस आलाच नाही.

मी वळून बघितलं. दादा वाजवत होते. मान डोलत होती, बोटं हलत होती, पायाशी डब्याचा दिवा लागलेला होता. लोकांच्या स्पीकरमधून मात्र काही नाही, मधूनच एखादा सूर उंबऱ्यापर्यंत येऊन परत गेल्यासारखा. ड्रमर माझ्याकडे बघतोय, गायिका मागे वळतेय. दादांनीही ऐकलं. ते एक पाऊल माझ्याकडे सरकले, पूर्वीसारखी मान वाकवली आणि कानात म्हणाले, "डावा हात लाव."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"अरे लाव ना. डावा हात लाव. खाली जा."

मी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या शेजारी उभा राहून मी त्यांचे सूर वाजवले. ते गळ्यात बेस घेऊन माझ्या सुरांवर बोटं हलवत उभे राहिले. समोरच्या रांगेतल्या बायका टाळ्यांनी ताल धरत होत्या. कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

मध्यंतरात स्टेजवरच मी त्यांचा बेस उचलला, तीच केबल, तोच डबा, आणि आमच्या साध्या जोराने एक तार छेडली. अँप असा गरजला की ड्रमर दचकला. "दादा, हा तर ओके आहे," मी म्हटलं, आणि मग त्यांच्या उजव्या हाताकडे बघितलं. नीट, पहिल्यांदा. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये मांसाचा जो उंचवटा असतो तिथे खड्डा होता. डावीकडेही तेच, जरा कमी.

"कधीपासून?" मी विचारलं.

"डबा घेतला तेव्हापासून."

"आणि डॉक्टर?"

"दाखवेन ना. हंगाम संपू दे."

"दादा, किती हंगाम संपले?"

मी ओरडायला लागलो, तिथे खुर्च्या लावणारी माणसं बघायला लागली. मी म्हटलं, सांगायचं तरी होतं, आम्ही काय परके होतो? ते खाली बघून बूट घासत राहिले. मग म्हणाले, "पेटीवाल्या, हातात असतं तर मी घेतला असता का रे हा डबा? तुला कळायला पाहिजे होतं. मला वाटलेलं, पहिल्याच दिवशी तुला कळेल."

मला राग आला होता तो त्यांचाच. खरं सांगतो, अजून आहे. एका माणसाने स्वतःचं दुखणं इतकं सफाईने लपवायचं, आणि वर तुला कळायला पाहिजे होतं म्हणायचं? पण त्यांनी का लपवलं तेही मला माहीत आहे. मालक बरेच दिवस लॅपटॉपवरचा तयार बेस लावण्याच्या गोष्टी करत होते. दादा एक हंगाम जरी घरी बसले असते तरी त्या जागी दुसरा माणूस आला नसता, लॅपटॉप आला असता, आणि परत यायला जागा उरली नसती. ते जागा धरून उभे होते, एवढंच.

कल्याणच्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. मानेतल्या मणक्यांमध्ये मज्जारज्जू चेपला गेला होता, कितीतरी दिवसांपासून. डॉक्टर सभ्य माणूस होता, त्याने आवाज न चढवता सांगितलं, "ऑपरेशन करू. आहे तेवढं कदाचित राहील. गेलेलं मात्र परत येईल असं समजू नका. दोन-तीन वर्षं आधी आला असतात तर हात वाचला असता." वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. डॉक्टर गेल्यावर मला म्हणाल्या, "भावजी, ते ठिपके मीच लावायचे हो. त्यांना ब्रश धरवेना म्हणून. हे म्हणायचे, आणि थोडा पुढे लाव. मी लावायचे. मला काय माहीत, कशाचा ठिपका लावतेय ते."

मी त्यांना पाणी आणून दिलं.

ऑपरेशन झालं. मान सरळ राहिली, हात मात्र आणखी गेला, आणि चालणंही थोडं गेलं. पुढच्या हंगामात मालकांनी लॅपटॉप आणला. माझ्याच शेजारी ठेवलाय, दादांच्या जागी, एका स्टुलावर. नॉईज नाही, चूक नाही, प्रत्येक सूर एका उंचीचा. परवा एका सोसायटीच्या सेक्रेटरीबाई मुद्दाम भेटायला आल्या आणि म्हणाल्या, "यंदा तुमचा आवाज किती क्लीन येतोय, मस्त!" सबंध हंगामात दादांबद्दल एकाही माणसाने विचारलं नाही. ते नाहीत हे कुणालाच कळलं नाही. त्या माणसाने जन्मभर ज्या एका गोष्टीवर भरवसा ठेवला तीच खोटी निघाली, आणि हे मी त्यांना कधीही सांगणार नाही.

मागच्या आठवड्यात दुपारी विठ्ठलवाडीला गेलो होतो. दादा पलंगावर उशांना टेकून बसले होते. बोलणं पूर्वीसारखंच. "काय पेटीवाल्या, डावा हात जास्तच चालवतोस म्हणे हल्ली?" मी लॅपटॉपचं बोललो नाही. चहा झाला, वहिनींनी त्यांना तो पाजला. मग ते म्हणाले, "बेस काढ."

मी कपाटावरून बेस काढला, पुसला, त्यांच्या मांडीवर ठेवला. लहान अँप, त्याच्याखाली टायरचा तुकडा. डबा जोडला आणि बटणं शेवटच्या ठिपक्यावर नेली. त्याच्या पुढे बटण जातच नव्हतं. वहिनींनी त्यांचा उजवा हात उचलून तारांवर ठेवला. खोलीत फुसफुस सुरू झाली.

दादांनी डोळे मिटले. कपाळावर आठ्या आल्या, मानेच्या शिरा ताणल्या. ते वाजवत होते. मला ते गाणंही ओळखता आलं, मान कुठे डोलतेय त्यावरून. बोट तारेवर होतं आणि तार हलत नव्हती. आम्ही तिघं ती फुसफुस ऐकत बसलो. वहिनी पदराशी चाळा करत होत्या.

पुष्कळ वेळाने त्यांनी डोळे उघडले, अँपकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नॉईज येतोय रे," ते म्हणाले. "केबल बदलून बघ."

मी उठलो, त्यांच्या बॅगेतून दुसरी केबल काढली, गुडघ्यावर बसलो आणि बदलली.

"गेला का?"

"जरा कमी वाटतोय, दादा," मी म्हटलं.